समासातली पिशवी

साळवे सिस्टरांना पेन्सिल चालत नसे. सर्वेक्षणाला नेमलेल्या सगळ्या जणींना मी पहिल्या दिवशी एकेक पेन्सिल आणि एकेक खोडरबर वाटलं होतं. बाकीच्या चार मुलींनी ते निमूटपणे पाऊचमध्ये टाकलं. सिस्टरांनी पेन्सिल उलटीसुलटी करून पाहिली, माझ्यासमोर टेबलावर परत ठेवली आणि पर्समधून निळं बॉलपेन काढलं.

"चूक झाली तर खोडायला बरं पडतं, सिस्टर."

"चूक झाली तर ती दिसली पाहिजे, मॅडम. आमच्या रजिस्टरात खोडाखोड चालत नव्हती. आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर काय ते लिहायचं, खाली सही करायची."

मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होते. पुण्यातल्या एका संशोधन संस्थेनं मला पर्यवेक्षक नेमलं होतं, गळ्यात ओळखपत्र होतं आणि माझ्या आईच्या वयाची बाई माझ्या हाताखाली होती. मला तो चक्क माझा अपमान वाटला. आज तो प्रसंग आठवला की स्वतःचीच लाज वाटते.

त्यांचं नाव एस्तेर साळवे. नगरच्या ख्रिस्ती वस्तीतल्या, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. नर्स म्हणून नोकरी लागली ती पाथर्डी तालुक्यात, आणि सगळी नोकरी तिथल्याच उपकेंद्रांवर गेली. निवृत्त झाल्यावरही त्या नगरला परत गेल्या नाहीत, पाथर्डीतच दोन खोल्या घेऊन राहिल्या. बुटक्या, अंगानं भरलेल्या, पांढऱ्या केसांचा घट्ट अंबाडा, आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला. नाडी मोजताना काटा दिसावा म्हणून ते तसं बांधायची सवय होती, ती निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. वाड्यावस्त्यांवर त्यांना कुणी एस्तेर म्हणत नसे, साळवे बाईही म्हणत नसे. त्या नुसत्या 'शिष्टर' होत्या. दुसऱ्या नर्स आल्या-गेल्या, त्यांना नावं होती. शिष्टर एकच.

आमचं काम बायकांना आरोग्यसेवा कशा मिळतात हे विचारायचं होतं. पाळीचे त्रास, बाळंतपण, गर्भपात, कुटुंब नियोजन, अंगावरून जाणं, सगळं. कुठं जाता, कोण तपासतं, समाधानी आहात का. फॉर्म चोवीस पानी होता आणि त्याच्यात अशी मराठी होती की ती वाचताना आमच्या मुलींच्याच जिभेला गाठ बसायची. प्रशिक्षण नगरच्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये झालं. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञ बाईंनी बजावून सांगितलं, की प्रश्न जसा छापलाय तसाच वाचायचा, शब्द बदलला की उत्तर बदलतं.

सिस्टरांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. "आणि शब्द तोच ठेवला, पण दोघींनी वेगळा समजला तर?"

"तसं होणार नाही. भाषांतर तपासून घेतलंय आपण."

"कुठं?"

"पुण्याला."

"बरं," सिस्टर म्हणाल्या.

त्यांच्या या 'बरं'ची मला पुढं भीती वाटायला लागली. त्याच्यात होकार नसे, राग नसे, टोमणाही नसे. समोरच्याचं माप घेऊन झालं आणि टेप गुंडाळून ठेवली, असा तो आवाज असे.

कोणत्याही घरात गेल्या की त्या आधी पाणी मागत. तहान नसली तरी मागत. मी एकदा म्हटलं, या भागात पाण्याचं दुर्भिक्ष, उगीच कशाला मागता. त्या म्हणाल्या, "पाणी कसं देतात त्यावरून पुढचे प्रश्न कसे विचारायचे ते कळतं." मला वाटलं, ही नुसती गप्पांची भाषा आहे. मग एका बऱ्यापैकी बागायतदाराच्या घरी गेलो. सासूबाईंनी शिष्टर शिष्टर करून तोंडभर स्वागत केलं, सुनेची दोन्ही बाळंतपणं याच बाईच्या हातची, हे कौतुकानं सांगितलं. मला तांब्या-भांडं आलं. सिस्टरांसाठी खिडकीच्या कोनाड्यात उपडा ठेवलेला एक स्टीलचा पेला काढून आणला, त्याच्यावर लाल ऑइलपेंटचा ठिपका होता. सिस्टर पाणी प्यायल्या, त्यांनी पेला मोरीत नेऊन स्वच्छ विसळला आणि आत जाऊन मांडणीवरच्या बाकीच्या पेल्यांच्या रांगेत नीट लावून आल्या. सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं झालं. "चुकून तिकडं राहिला होता वाटतं," सिस्टर म्हणाल्या, आणि बसकरावर बसून फॉर्म उघडला. ज्या हातांनी त्यांच्या घरात पोरं जन्माला आली ते हात त्यांना चालत होते, पेला चालत नव्हता. मला हे लिहितानाही संताप येतो. सिस्टरांना यायचा की नाही, मला कळलं नाही.

आता प्रश्न सतरा. सगळं त्याच्यापाशीच येऊन थांबतं.

"तुमचे ऑपरेशन झाले आहे का?" असा तो प्रश्न होता. कुटुंब नियोजनाच्या भागात होता, म्हणजे मूल बंद व्हायचं ऑपरेशन अभिप्रेत होतं. पुण्याच्या भाषांतरकाराला खेड्यातली बोली ठाऊक होती, खेड्यात त्याला नुसतं ऑपरेशनच म्हणतात, म्हणून त्यानं मोठ्या हुशारीनं तोच शब्द ठेवला. 'हो' असेल तर एक, 'नाही' असेल तर दोन. 'हो' असेल तर पुढचे पाळीचे, पोटदुखीचे, तपासणीचे दहा प्रश्न वगळून थेट अठ्ठाविसाव्यावर जायचं : "या सेवेबाबत तुम्ही समाधानी आहात का?"

कांताबाईच्या घरी मी सिस्टरांसोबत होते. डोंगराच्या पायथ्याची वस्ती, पत्र्याची दोनखणी घरं. दसरा तोंडावर आलेला, ऊसतोडीला जायची तयारी सुरू झालेली. दारात कोयत्यांना धार लावून ठेवलेली होती. या वस्तीवरची जवळजवळ सगळी घरं दिवाळी झाली की कुलूप लावून साखर कारखान्यांकडं निघतात आणि उन्हाळ्यात परत येतात. त्यामुळं आमच्यापाशी दिवस मोजकेच होते. कांताबाईनं वय पस्तीस सांगितलं. तिच्याशेजारी भाकरी थापत बसलेली सून पूजा. तिचं वय विचारलं तर कांताबाईच पटकन म्हणाली, "अठरा म्हनायचं." पूजा खाली मान घालून हसली.

"ऑपरेशन झालंय का?" सिस्टरांनी छापल्याप्रमाणं वाचलं.

"व्हय, झालंय की."

माझ्या शेजारी एखादी दुसरी मुलगी असती तर तिनं एक लिहून पान उलटलं असतं. सिस्टरांनी बॉलपेन मांडीवर ठेवलं. उजव्या हाताची दोन बोटं जुळवून दाखवली, मग अंगठा आणि करंगळी ताणून वीत दाखवली.

"टाका केवढा हाय कांता? दोन बोटं, का वीत?"

कांताबाईनं पोटावर हात ठेवला. "दोन्ही हायेत. आदी दोन बोटं. मागनं वीत."

"वीत कशापायी?"

"अंगावरनं जायचं. फडात वाकून वाकून कंबर लई दुखायची. तिकडं एका डाक्टरकडं गेले तर त्यो म्हनला, पिशवी खराब झाली, न्हाई काढली तर कॅन्सर व्हईल. मुकादम बी म्हनला, काढून टाका, पाळीचे खाडे पडत्यात. मग टाकली काढून. आमच्या जावंची बी काढली. ह्या वळीत आता कुनाची ऱ्हायलीय ते इचारा."

"तपासलं व्हतं का? मशिनीनं, आतनं?"

"पोटावर हात दाबला की."

"किती वर्षं झाली?"

"दीपक शाळंत जाया लागला तवा." दीपक म्हणजे पूजाचा नवरा. मी मनातल्या मनात हिशेब केला. पंचविशीही न गाठलेली बाई. "आता अंगाची लाही लाही हुती. हाडं कुरकुरत्यात. मोळी उचलाया गेलं की डोळ्यापुढं अंधारी येती."

सिस्टरांनी गर्भाशय हा शब्द सगळ्या बोलण्यात एकदाही वापरला नाही. त्या वस्तीवर गर्भाशय कुणालाच नव्हतं, पिशवी होती. आमच्या फॉर्ममध्ये पिशवी हा शब्द कुठंही नव्हता. सिस्टरांनी सतराव्या प्रश्नापुढं एक लिहिला, कारण तो खरा होता, आणि डावीकडच्या समासात निळ्या शाईनं ठसठशीत लिहिलं : 'पिशवी पण काढली. तपासणी नाही. वीत.' आणि खाली सही केली.

"आन दोन बोटाचं तर तुमीच नेल्तं की शिष्टर," कांताबाई हसत म्हणाली. "शाळंत क्यांप हुता तवा. माझा हात धरून बसल्या हुत्या."

सिस्टरांनी पान उलटलं. त्यांनी अठ्ठाविसावा प्रश्न वाचला, समाधानी आहात का. कांताबाई म्हणाली, "सुटले म्हनायचं." सिस्टरांनी चौकोन रिकामा ठेवला आणि समासात 'सुटले म्हणायचं' असं लिहिलं. संध्याकाळी फॉर्म तपासताना तो रिकामा चौकोन मी पेन्सिलीनं भरला. समाधानी.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही शाळेच्या पायरीवर डबा खात होतो. सिस्टरांच्या डब्यात रोज तेच, भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली आणि डबा बंद केला.

"मॅडम, हा ऑपरेशन शब्द या घरांमध्ये कुणी आणला माहितीय? मी."

त्यांनी डबा आपल्या कापडी पिशवीत ठेवला.

"नसबंदी म्हटलं की बायका घरात लपायच्या. मला वरून उद्दिष्ट असायचं, इतक्या केसेस आणाच. मग मी नसबंदी म्हणणं सोडलं. ऑपरेशन म्हणायला लागले. म्हणायचे, ऑपरेशनला भ्यायचं नसतं गं, दुपारी झोपायचं आणि संध्याकाळी घरी. मी आहे ना. आणि मी खरंच असायचे. हात धरून बसायचे. एवढी वर्षं मी यांना एकच गोष्ट शिकवली, ऑपरेशनला भ्यायचं नाही. शिकल्या बिचाऱ्या. मग दुसऱ्या कुणी ऑपरेशन म्हटलं तेव्हा त्या भ्यायल्या नाहीत. त्यांना वाटलं, शिष्टरनं केलं तसलंच असेल."

समोर शाळेतली पोरं हापशाभोवती दंगा करत होती. सिस्टर त्यांच्याकडं बघत होत्या, पण बघत नव्हत्या.

"मला ते दोन वेगळे करून द्यायचेत. एवढंच. एक चौकोन वाढवा त्या सतराव्यात. मूल बंदचं की पिशवीचं. मी घरं पुन्हा फिरते, सगळी 'हो'वाली. दिवाळीच्या आत करते. एकदा कागदावर आलं, की कुणीतरी विचारील ना, इतक्या तरण्या बायकांच्या पिशव्या कशानं खराब झाल्या?"

मी सरांना फोन केला. सर म्हणजे पुण्यातले आमचे प्रकल्पप्रमुख, माणूस सज्जन, कधी आवाज चढवून बोलणार नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"प्रश्न सगळ्या जिल्ह्यांत असाच गेलाय," ते म्हणाले. "एकट्या पाथर्डीसाठी चौकोन वाढवला तर तुलना मोडते."

"पण सर, उत्तर चुकीचं येतंय."

"सगळीकडं सारखंच चुकीचं येत असेल, तर तुलना करता येते."

हे वाक्य मी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं, मार्गदर्शन म्हणून. शेवटी सर म्हणाले, "आणि ते समासातलं लिखाण थांबवा. फॉर्म मशीनमधून जाणार आहेत. समासात शाई दिसली की मशीन अडतं."

पाथर्डीच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानातून मी व्हाइटनरच्या दोन बाटल्या आणल्या. निळं बॉलपेन खोडरबरानं निघत नाही. रोज संध्याकाळी लॉजच्या खोलीत बसून मी सिस्टरांच्या फॉर्मांचे समास पांढरे करत असे. 'पिशवी.' 'पिशवी, वय बावीस.' 'पिशवी, डॉक्टर म्हणाले कॅन्सर.' 'दोघी जावा, एकाच आठवड्यात.' वाचल्याशिवाय पुसता येत नाही, आधी वाचावंच लागतं. पान उजेडात धरलं की निळी अक्षरं पांढऱ्यातून वर दिसत. म्हणून मी दुसरा हात देत असे.

तिसऱ्या का चौथ्या सकाळी जीपमध्ये सिस्टरांनी माझा हात हातात घेऊन पाहिला. बोटांना पांढरं लागलेलं होतं, नखांच्या कडेला सुकलेलं.

"पान खायला लागला काय मॅडम? चुना लागलाय."

मुली हसल्या. मीही हसले. सिस्टरांनी माझा हात परत माझ्या मांडीवर ठेवला, नाडी बघून झाल्यावर पेशंटचा ठेवतात तसा. त्या दिवसापासून त्यांनी समासात लिहिणं बंद केलं. शंभर पानी वही आणली.

दिवसाची नेमून दिलेली घरं उरकली की त्या वही घेऊन जुन्या घरांकडं वळत. जीप आमच्याबरोबर परत येई, म्हणून त्या चालत नाहीतर वडापच्या गाडीनं जात. वस्तीवरच्या बायका एकमेकींना हाका मारून सांगत, "शिष्टर आली गं टाका मोजाया." लपायचं सोडून त्या ओट्यावर जमत. लाज नव्हती, कुणी पहिल्यांदाच विचारत होतं. सीझरचा टाका असेल तर बाई पोराचं नाव घेऊन सांगे, पिशवीचा असेल तर कारखान्याचं नाव घेऊन सांगे. सिस्टर दोन्ही वेगळे लिहीत.

कांताबाईनं त्यांना विचारलं होतं, "लिवून काय व्हनार शिष्टर? माझी तर गेली." सिस्टरांनी पूजाकडं बघून म्हटलं होतं, "हिची हाय अजून." हे मला त्यांनीच सांगितलं, वही माझ्या हातात देताना. दिवाळीला दोन दिवस होते. वस्त्यांवर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येऊन लागल्या होत्या.

"फॉर्मात चौकोन नाही मिळाला, तर ही वही तरी जाईल ना कुठंतरी?"

"परिशिष्ट करते सिस्टर. अहवालाच्या शेवटी जोडते. शब्द देते." असं मी म्हणाले. हे शब्द मला पाठ आहेत.

परिशिष्ट मी लिहिलंही, उगाच स्वतःला जास्त काळं फासत नाही. पाच पानं झाली. सरांनी ती वाचली आणि खरोखर अस्वस्थ झाले. मग म्हणाले, या प्रश्नांना आपल्या नैतिक समितीची मंजुरी नव्हती. बायकांची लेखी संमती या प्रश्नांसाठी घेतलेली नाही. तेव्हा ही माहिती छापणं अनैतिक ठरेल. पिशवी काढताना कुणी त्यांची संमती किती समजून घेतली होती, हा विचार माझ्या मनात आला आणि मी तो तोंडातून बाहेर पडू दिला नाही. माझं कंत्राट वाढायचं होतं. मी पाच पानं फायलीत लावली. वही माझ्या कपाटात ठेवली.

अहवाल आला. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर डोक्यावर पदर घेतलेल्या हसऱ्या बाईचा फोटो. ती पाथर्डीची नव्हती. प्रकाशन नगरला झालं, जिल्ह्याचं नवं नाव छापलेला भलामोठा फलक मागं लावून. सगळ्या मुलींना बोलावलं होतं. सिस्टर इस्त्रीची पांढरी साडी नेसून आल्या, तिसऱ्या रांगेत बसल्या, आणि मी चहा देण्याच्या निमित्तानं जवळ गेले तर एकच विचारलं.

"कितव्या पानावर आहे?"

"सिस्टर, ते... पुढच्या टप्प्यात घेणार आहेत."

"बरं. वही?"

"पुण्याला आहे."

त्यांनी मान हलवली आणि चहा घेतला. मला वाटलं, संपलं. पण अजून व्हायचं होतं. व्यासपीठावरच्या अधिकाऱ्यांनी अहवालातलं एक पान उघडून वाचून दाखवलं, की पाथर्डीच्या दुष्काळी भागात स्त्रियांनी कायमस्वरूपी कुटुंब नियोजनाचा केलेला स्वीकार उल्लेखनीय असून सेवेबाबत बहुतांश स्त्रिया समाधानी आहेत. आणि याचं श्रेय तळागाळात राबलेल्या जुन्या नर्सभगिनींना जातं. मग माइकवरून नाव आलं. श्रीमती एस्तेर साळवे. शाल आणि श्रीफळ.

साहजिकच होतं. सतराव्या प्रश्नापुढं जे जे एक होते, ते सगळे मूल बंदच्या ऑपरेशनचे धरले गेले होते. वीतभर टाकेसुद्धा दोन बोटांमध्ये जमा झाले होते. आणि त्या बेरजेचा सत्कार सिस्टरांच्या गळ्यात पडत होता.

त्या उठल्या. सावकाश पायऱ्या चढल्या. शाल अंगावर पडू दिली, नारळ घेतला, आणि माइकपाशी गेल्या. त्यांना बोलायला कुणी सांगितलं नव्हतं.

"हा सत्कार चुकलाय," त्या म्हणाल्या. आवाज रोजचाच होता. "यातल्या पुष्कळ बायकांच्या पिशव्या काढल्यात. तरण्या बायकांच्या. माझ्याकडं नावं आहेत. ते कुटुंब नियोजन नाही. मी ते..."

सूत्रसंचालक चलाख होता. त्यानं हसतमुखानं माइक काढून घेतला. "सिस्टर भावुक झाल्यात. इतक्या वर्षांची सेवा आहे. जोरदार टाळ्या होऊन जाऊद्यात."

टाळ्या झाल्या. सर वाजवत होते. आमच्या मुली वाजवत होत्या. मीही वाजवल्या. सिस्टरांनी वरून माझ्या हातांकडं पाहिलं, तोंडाकडं नाही. खाली आल्यावर त्यांनी शालीची घडी घातली, नारळासकट ती खुर्चीवर ठेवली आणि गेल्या. ती शाल कुणीतरी नंतर मला आणून दिली, सिस्टरांची राहिली म्हणून. ती माझ्याकडंच आहे.

पुढच्या वर्षी दिवाळीनंतर मी पुन्हा पाथर्डीकडं गेले, दुसऱ्या एका पाहणीसाठी. आता टॅबलेट होते. उत्तराला बोट लावलं की झालं. रस्त्यावर तोडणी कामगारांची रांग लागलेली होती, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्यावर पत्रे, गोणपाटं, कोंबड्यांची खुराडी, शेळ्या, आणि सगळ्यावर बसलेल्या बायका. आमची जीप त्यांच्यामागं अडकली.

फाट्यावर सिस्टर उभ्या होत्या. भर उन्हात, डोक्यावर पदर, काखेत तीच कापडी पिशवी. ट्रॅक्टर फाट्यावर हळू होई, तेवढ्यात त्या ट्रॉलीच्या कडेला हात घालून वरच्या बायकांशी बोलत, मग पुढच्या ट्रॉलीकडं जात. मी काच खाली केली. आमची जीप अगदी त्यांच्याजवळ येऊन थांबली.

"सिस्टर."

त्यांनी वळून पाहिलं. ओळखलं. "आता कसला सर्व्हे?"

मी मांडीवरचा टॅबलेट दाखवला. त्यांनी चष्मा वर करून तो बघितला.

"याला समास कुठंय?"

"याला नसतो, सिस्टर."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवली. वही त्यांनी मागितली नाही. मागितली असती तर मी काय सांगितलं असतं मला माहीत नाही. ती त्या दिवशी माझ्या बॅगेतच होती. परत द्यायची म्हणून मी ती आणली होती.

शेवटच्या ट्रॉलीवर कांताबाई होती, गोणपाटाला टेकून, डोळे मिटून. तिच्याशेजारी पूजा, मांडीवर महिना-दोन महिन्यांचं मूल. सिस्टर ट्रॉलीबरोबर चालू लागल्या आणि त्यांचं बोलणं मला जीपमध्ये ऐकू आलं.

"कुनी आप्रेशन म्हनलं की काय इचारायचं?"

पूजा लाजली. मग म्हणाली, "दोन बोटं, का वीत."

"आन वीत म्हनला तर?"

"दोन बोटं, का वीत," पूजा पुन्हा म्हणाली. तिला तेवढंच पाठ होतं.

"तर न्हाई म्हनायचं. मला फोन करायचा. पूजा, आयकतीस का? न्हाई म्हनायचं."

पुढं रस्ता मोकळा झाला, ट्रॅक्टरनं वेग घेतला. मूल रडायला लागलं आणि पूजा त्याच्यात गुंतली. सिस्टर थोडं अंतर धावल्या, मग थांबल्या, आणि त्यांनी हात वर केला. अंगठा आणि करंगळी ताणून, पूर्ण वीत. ट्रॉली वळणाआड जाईपर्यंत त्यांनी हात खाली घेतला नाही. वरून कुणी पाहिलं का, ते मला दिसलं नाही.

आमच्या ड्रायव्हरनं गिअर टाकला. "म्हातारीचं कुनी जवळचं चाललेलं दिसतंय," तो म्हणाला. "टाटा करतीया."

"हो," मी म्हणाले.